बाप्पाला सोंड, मग नाक कुणाचं?

गिरगावात माझ्या भावाकडे दीड दिवसाचा गणपती असतो. चाळीतली छोटी खोली, गॅलरीत चपलांचा ढीग, आत पंचवीसेक माणसं एकमेकांना खेटून उभी. सुखकर्ता, लवथवती, दुर्गे दुर्घट, युगे अठ्ठावीस असं करत 'घालीन लोटांगण' झालं की झांजा थांबतात. वहिनी ताटलीतल्या अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या सगळ्यांच्या हातावर ठेवते. मूठ घामाने ओली होते आणि वरच्या पट्टीत सुरू होतं, 'ॐ यज्ञेन यज्ञमयजंत देवाः'.

गेल्या वर्षी ही पहिली ऋचा संपते न संपते तोच आठ वर्षांच्या भाचीने माझी ओढणी ओढली. "आत्या, बाप्पाला तर सोंड आहे. मग 'तेहनाकम्' म्हणजे कुणाचं नाक?"

मी दहावीला संपूर्ण संस्कृत घेतलं होतं. मार्क मिळवून देणारा विषय म्हणून, दुसरं काही कारण नाही. शंभरपैकी ९४ पडले. 'देवः देवौ देवाः' झोपेतसुद्धा म्हणता येत होतं. पण समोर उभ्या पोरीला एका ओळीचा अर्थ सांगता येईना. "मोठी झालीस की कळेल" असं म्हणून वेळ मारून नेली. तेच उत्तर मला माझ्या आजीने दिलं होतं, आणि मोठी होऊन काहीही कळलं नव्हतं.

मग विसर्जनानंतर वही घेऊन बसले. मंत्रपुष्पांजलीपासून सुरुवात केली आणि नंतर रोजच्या तोंडातली इतर स्तोत्रंही घेतली. माझ्या ध्यानात आलं ते एवढंच की यातले निम्मे शब्द आपल्या मराठीतच आहेत. अडतं ते शब्द तोडण्यात. चाल एकीकडे तोडते, श्वास दुसरीकडे तुटतो, फुकट वाटलेली आरतीची पुस्तिका तिसरीकडेच तोडते. शब्द नीट सुटा झाला की अर्थ बराचसा आपोआप पुढे येतो.

शब्द चिकटतात का, ते आधी पाहू. आपण लिहितो 'काय करतो आहेस' आणि बोलतो 'काय कर्तोयस'. कागदावर तीन शब्द, तोंडात दोन. संस्कृतात रीत उलटी आहे. तोंडातून जे एका दमात बाहेर पडतं तेच जसंच्या तसं कागदावर येतं. यालाच शाळेत संधी म्हणतात आणि तिचे नियम पाठ करायला लावतात. पण मुळात ती बोलण्याची सवय आहे. वेदांच्या काळानंतर लोकांनाही हीच अडचण आली असणार, कारण शाकल्य नावाच्या आचार्यांनी ऋग्वेदाचा पदपाठ केला, म्हणजे प्रत्येक ऋचेतला शब्द न् शब्द सुटा करून ठेवला. आपली अडचण इतकी जुनी आहे म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं.

तर नाक. ओळ अशी तुटते: 'ते, ह, नाकम्, महिमानः, सचंत'. 'ते' म्हणजे तेच, आपलं मराठीतलं. 'ह' म्हणजे खरोखर. 'नाक' म्हणजे स्वर्ग. यास्कांच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या जुन्या ग्रंथात, याची फोड दिली आहे: 'क' म्हणजे सुख, 'अक' म्हणजे सुख नसणं, आणि जिथे ते 'अक'ही नाही ते 'नाक'. 'महिमानः' म्हणजे थोर झालेले, 'सचंत' म्हणजे जाऊन मिळाले. पुढे 'यत्र पूर्वे साध्याः संति देवाः', जिथे आधीचे साध्य नावाचे देव आहेत तिथे. सगळी ऋचा मिळून: देवांनी यज्ञानेच यज्ञाचं यजन केलं, ते पहिले धर्म होते, आणि असं करणारे थोर होऊन स्वर्गाला पोचले. ही ऋचा ऋग्वेदात दोनदा येते, पहिल्या मंडलात आणि दहाव्या मंडलातल्या पुरुषसूक्ताच्या शेवटी. बाप्पाच्या सोंडेचा इथे काही संबंध नाही.

खरं तर संपूर्ण मंत्रपुष्पांजलीत गणपतीचं नाव कुठेच नाही. मला हे कळलं तेव्हा मी दोनदा तपासून पाहिलं. दुसरा मंत्र तैत्तिरीय आरण्यक या वैदिक ग्रंथातला, आणि तो चक्क कुबेराचा आहे. 'राजाधिराजाय प्रसह्यसाहिने नमो वयं वैश्रवणाय कुर्महे.' इथे 'नमः' आणि 'कुर्महे' यांची ताटातूट झाली आहे, ती जोडली की वाक्य सरळ होतं: वयं नमः कुर्महे, आम्ही नमस्कार करतो. कुणाला? तर वैश्रवणाला. विश्रवस् ऋषीचा मुलगा तो वैश्रवण, जसा कुंतीचा कौंतेय आणि दशरथाचा दाशरथी. पहिला स्वर फुगला की 'त्याचा मुलगा' किंवा 'त्याचा कुणीतरी' असा अर्थ निघतो, ही खूण लक्षात ठेवली तर पुराणातली निम्मी नावं उलगडतात. पुढे 'कामान् कामकामाय' आलं की चाळीतली मोठी मुलं एकमेकांना कोपराने ढोसतात. काम म्हणजे इथे इच्छा. इच्छा बाळगणाऱ्या मला, इच्छांचा स्वामी असलेल्या कुबेराने, इच्छिलेलं द्यावं. 'ददातु' म्हणजे देवो. 'शुभं भवतु' मधलं 'भवतु' म्हणजे होवो, तसंच. मागणी इतकी रोखठोक आहे की आडपडदा म्हणून नाही.

तिसरा भाग मात्र मला सगळ्यात आवडतो, आणि सगळ्यात जास्त चिरडला जातो तोही हाच. 'स्वस्ति, साम्राज्यं, भौज्यं, स्वाराज्यं, वैराज्यं...' ही आहे सत्तेच्या प्रकारांची यादी. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथाच्या आठव्या पंचिकेत, म्हणजे आठव्या भागात, राजाच्या ऐंद्र महाभिषेकाचं वर्णन आहे, तिथला हा मजकूर. ज्याला अभिषेक होतोय तो सर्व बाजूंनी व्यापणारा, सार्वभौम, पूर्ण आयुष्याचा व्हावा, समुद्रापर्यंतच्या पृथ्वीचा एकटा राजा व्हावा.

यातलं 'आंतादापरार्धात्' मी चाळीस वर्षं एक भलंमोठं नाव समजत होते. ते आहे 'आ अंतात्, आ परार्धात्'. हा 'आ' म्हणजे पर्यंत. आझाद मैदानावर 'आमरण उपोषण' असा फलक दिसतो ना, त्यातला 'आ' तोच. आजन्म, आजीव, आबालवृद्ध, सगळीकडे तोच. परार्ध हा काळाचा अवाढव्य तुकडा. सत्यनारायणाला भटजी संकल्पात 'ब्रह्मणो द्वितीये परार्धे' म्हणतात तेव्हाही हाच शब्द येतो.

आणि शेवटचं 'एकराळिति'. आमच्याकडे ते 'एक राळीती' असं दोन तुकड्यांत, ठेक्यात म्हणतात. राळीती हा शब्द कुठल्याही कोशात सापडणार नाही, कारण तो अस्तित्वातच नाही. मूळ आहे 'एकराट् इति'. सम्राट, विराट यांच्यातला हा राट्, म्हणजे राजा. पुढे स्वर आला की ट् चा ड् होतो, आणि ऋग्वेदाच्या परंपरेत दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला ड ळ होतो. ऋग्वेदाची सुरुवात 'अग्निमीळे' अशी होते, तिथेही हाच ळ. लौकिक संस्कृतातून तो गेला, मराठीने आपला ळ सांभाळला. ळ म्हणायला आपल्याला वेगळं शिकावं लागत नाही, याचा मला उगाचच अभिमान वाटतो.

ज्या ठिकाणी हे 'सार्वभौमः' येतं तिथेच, त्याच प्रकरणात, पुरोहित राजाकडून शपथ घेववतो. तू माझा द्रोह केलास तर जन्मल्या रात्रीपासून मरणाच्या रात्रीपर्यंतचं तुझं सगळं पुण्य, आयुष्य, संतती मी काढून घेईन. आधी शपथ, मग अभिषेक. सार्वजनिक मंडळांच्या आरतीला पहिल्या रांगेत डोळे मिटून उभे राहणारे पुढारी पाहिले की मला हा पुढचा, न म्हटला जाणारा भाग आठवतो.

चौथा श्लोकही ऐतरेयातलाच. 'मरुतः परिवेष्टारो मरुत्तस्यावसन् गृहे.' इथे दोन वेगळी माणसं आहेत, किंवा एक माणूस आणि देवांचा एक घोळका. मरुत् म्हणजे वाऱ्याचे देव. मरुत्त हा अविक्षिताचा मुलगा, एक राजा. परिवेष्टा म्हणजे पंगतीत वाढणारा. थोडक्यात, मरुत्ताच्या घरी मरुत् वाढपी म्हणून राहिले होते, आणि 'विश्वेदेवाः सभासदः', विश्वेदेव त्याच्या सभेचे सभासद होते. सोसायटीच्या नोटीसबोर्डावर 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' असं वाचताना मला हल्ली हे आठवून हसू येतं. आमच्या घरातल्या पुस्तिकेत मात्र 'मरुतस्या वसन गृहे' असं छापलंय. मुखपृष्ठावर हात जोडलेला एक मोठा फोटो आणि त्याच्या कडेला छोटा बाप्पा. एक त गळला आणि यजमानच वाढप्यांत जमा झाला.

तोडणं जमलं की दुसरी गोष्ट म्हणजे शब्दाची शेपटी पाहायची. मराठीत आपण 'गणपतीला' म्हणतो, संस्कृतात तो 'ला' शब्दातच मुरलेला असतो. व्याकरणाच्या तासाला घोकलेलं 'स, ला, ते' आठवा. नमः आलं की ज्याला नमस्कार करायचा तो चतुर्थीत जातो: गणेशाय, शिवाय, वैश्रवणाय. श्रीगणेशाय नमः म्हणणाऱ्या प्रत्येकाला ही विभक्ती माहीत आहे, फक्त तिचं नाव माहीत नाही. उकारान्त शब्दांचं रूप वेगळं होतं, विष्णवे, गुरवे. रिक्षांच्या मागे 'श्री गुरुवे नमः' लिहिलेलं दिसतं, ते गुरवे हवं. अर्थात गुरू त्यावरून रागावतील असं वाटत नाही.

लग्नपत्रिकेवर 'वक्रतुंड महाकाय' असतंच. सगळा श्लोक ही हाक आहे: हे वाकड्या तोंडाच्या, हे प्रचंड देहाच्या, कोटी सूर्यांसारखी प्रभा असलेल्या देवा, माझी सगळी कामं निर्विघ्न कर. हाक मारताना अकारान्त शब्दाला शेपटी लागतच नाही. पण छापणारे 'समप्रभ' पुढे दोन टिंबं देतात आणि हाक मध्येच मोडते, जणू 'अरे गणू, इकडे ये' म्हणता म्हणता आपण 'गणूने' म्हणालो. तुंड शब्दाकडेही बघा. आपलं तोंड त्यातूनच आलंय.

विभक्ती कळली की 'अच्युतं केशवं रामनारायणं' हे नुसती नावांची जंत्री वाटत नाही. सगळी नावं द्वितीयेत, एकाच्या मागे एक, कुणाची तरी वाट पाहत उभी आहेत. ती वाट संपते शेवटच्या शब्दावर, 'भजे', मी भजतो. अख्ख्या कडव्यात क्रियापद एकच. मराठीतही क्रियापद शेवटीच येतं, त्यामुळे शेवटपर्यंत धीर धरायची आपल्याला सवय आहेच.

अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करणारे माझ्या ओळखीत कितीतरी आहेत. त्यातला 'अव' हा दोन अक्षरी शब्द हाती लागला तर अर्धं पान सुटतं. अव म्हणजे रक्षण कर. 'अव त्वं माम्', तू माझं रक्षण कर. 'अव वक्तारम्, अव श्रोतारम्', बोलणाऱ्याचं, ऐकणाऱ्याचं. 'अवानूचानमव शिष्यम्' हे जीभ वळवणारं प्रकरण म्हणजे अव अनूचानम्, अव शिष्यम्. अनूचान म्हणजे वेद अंगांसह शिकलेला. मग दिशा येतात. 'अवोत्तरात्तात्' म्हणजे उत्तरेकडून, आणि 'अवाधरात्तात्' म्हणजे अव अधरात्तात्, खालून. अधर म्हणजे खालचा, म्हणून खालचा ओठही अधर.

त्याच अथर्वशीर्षात एक कोडं दडलंय, आणि गंमत म्हणजे ते सगळे म्हणतात पण सोडवत कुणी नाही. 'गणादिं पूर्वमुच्चार्य': गण या शब्दाचं पहिलं अक्षर आधी उच्चार, म्हणजे ग्. 'वर्णादिं तदनंतरम्': मग वर्णमालेतलं पहिलं, अ. 'अनुस्वारः परतरः': त्यानंतर अनुस्वार. 'अर्धेंदुलसितम्': अर्धचंद्राने शोभणारं. 'तारेण ऋद्धम्': तार म्हणजे ॐकार, त्याने समृद्ध. ग् अधिक अ अधिक अनुस्वार म्हणजे गं, आणि त्याच्या आधी ॐ. 'एतत्तव मनुस्वरूपम्', हे तुझ्या मंत्राचं रूप. इथे मनु म्हणजे माणूस नव्हे, मंत्र. दोनचार ओळींनंतर उत्तर समोर येतंच: ॐ गं गणपतये नमः.

फलश्रुतीत 'यो लाजैर्यजति' आहे. लाजेने पूजा कशी करायची? लाज म्हणजे लाह्या. दिसायला मराठी आणि अर्थाने भलतेच असे हे शब्द नवख्या माणसाला सगळ्यात जास्त चकवतात. नाक तसंच, लाज तशीच.

समासाचा घोळ जास्त नाजूक. संध्याकाळी दिवा लावून 'शुभं करोति' म्हणतो, त्यात 'शत्रुबुद्धिविनाशाय' आहे. शत्रूच्या बुद्धीचा नाश, की मनातल्या शत्रुत्वाच्या बुद्धीचा नाश? समासात जोडणारा प्रत्यय गळून पडतो, त्यामुळे दोन्ही अर्थ उभे राहतात. मला दुसरा पटतो, कारण दिव्यासमोर उभं राहून शेजाऱ्याचं डोकं फिरव म्हणून मागणं जरा कसंतरीच वाटतं. पण पहिला चूक आहे असं व्याकरण सांगत नाही. जुन्या काळी हा निवाडा स्वर, म्हणजे अक्षरावर पडणारा आघात, करायचा. त्वष्ट्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याला इंद्राला मारणारा मुलगा हवा होता. 'इंद्रशत्रुर्वर्धस्व' असं तो म्हणाला, पण आघात चुकीच्या अक्षरावर पडला. 'इंद्राचा शत्रू' ऐवजी 'इंद्र ज्याचा शत्रू' असा अर्थ झाला आणि वृत्र इंद्राच्याच हातून मेला. पतंजलींनी महाभाष्य या व्याकरणाच्या ग्रंथात शुद्ध बोलण्याची गरज सांगताना हेच उदाहरण दिलं आहे.

तोडणी चुकल्यावर अर्थ पूर्ण उलटा होतो असं उदाहरण हवं तर महामृत्युंजय घ्या. हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं तो पुटपुटताना मी पाहिली आहेत. शेवट आहे 'मृत्योर्मुक्षीय माऽमृतात्'. हे 'मा अमृतात्' असं तोडायचं. मा म्हणजे नको, 'मा फलेषु कदाचन' मधला. मृत्यूपासून मी सुटावं, अमृतापासून नको. पण कानाला ते 'माम् अमृतात्' असं लागतं, आणि तसं तोडलं तर 'मला अमृतापासून' असा अर्थ होऊन बसतो, म्हणजे मागायला गेलो एक आणि मागितलं भलतंच.

त्याआधीची उपमा तर फारच घरगुती आहे. 'उर्वारुकमिव बंधनात्.' उर्वारुक म्हणजे काकडी-खरबुजाच्या जातीचं फळ, बंधन म्हणजे इथे देठ. माझं आजोळ कोकणात. भाद्रपदात मांडवावर चिबूड पिकायचे. कच्चा चिबूड ओढून काढावा लागतो, वेलही दुखावतो. पिकलेला नुसता हात लावला की हातात येतो, देठ जागेवरच राहतो, आणि वास सगळ्या पडवीत पसरतो. मृत्यूपासून सुटका मागताना ऋषीला तलवार किंवा साखळी आठवली नाही, वेलीवरचं पिकलं फळ आठवलं. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की त्या मंत्रातली भीती बरीच कमी होते. निदान माझी झाली.

अर्थ कळायलाच हवा का, हा प्रश्न मला भावाने विचारला. तो म्हणाला, आपण श्रद्धेने म्हणतो, पुरे झालं. हा वादही जुनाच आहे. निरुक्तात कौत्स नावाच्या आचार्यांचं मत दिलंय, 'अनर्थका हि मंत्राः', मंत्रांना अर्थ नसतोच. यास्क त्यांचे मुद्दे एकेक करून खोडतात आणि एका ठिकाणी म्हणतात, 'नैष स्थाणोरपराधो यदेनमंधो न पश्यति'. खांब आंधळ्याला दिसला नाही तर तो खांबाचा अपराध नव्हे. मी भावाला हे ऐकवलं. तो म्हणाला, "म्हणजे मी आंधळा?" विषय तिथेच थांबला, कारण मोदक गरम होते.

ज्यांना स्वतः करून पाहायचं असेल त्यांनी एकच स्तोत्र घ्यावं, रोज तोंडात असलेलं. मोठ्या अक्षरात लिहावं, क्रियापद शोधावं, आणि मग पेन्सिलीने शब्दांच्या मध्ये रेघा माराव्यात. पेन्सिलीनेच, कारण पहिल्या निम्म्या रेघा चुकतात. आपट्यांचा संस्कृत कोश जवळ असेल तर उत्तम, पण शब्द सुटा झाल्याशिवाय कोश उघडून उपयोग नाही; एकराळिति शोधत मी एक अख्खी दुपार घालवली होती. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे अर्थ मी हल्ली उघडतसुद्धा नाही. त्यांत प्रत्येक अक्षराला कुठली ना कुठली ऊर्जा चिकटवलेली असते, आणि 'मा' म्हणजे नको एवढी साधी गोष्ट सापडत नाही.

यंदा गणपतीच्या आदल्या दिवशी मी भावाच्या घरातल्या त्या पुस्तिकेत पेन्सिलीने गळलेला त लिहिला, 'राळीती' खोडून जोडून ठेवलं, आणि भाचीला वाढप्यांची गोष्ट सांगितली. आरती झाली. मंत्रपुष्पांजली नेहमीच्याच चढ्या पट्टीत, नेहमीच्याच ठेक्यात झाली. भाऊ 'एक' म्हणून थांबला आणि 'राळीती' म्हणाला. गर्दीतून भाचीचा आवाज आला, "बाबा, मरुत् आले की, आता प्रसाद तेच वाढणार ना?"